शिरीषाच्या बुंध्यातली दोरी

आमच्या दारात शिरीषाचं झाड आहे. रस्त्याकडेला असतो तो थोराड, पांढरट फुलांचा शिरीष नव्हे. हा गुलाबी, नाजूक, छत्रीसारखा पसरणारा. कोपऱ्यावरचा नर्सरीवाला त्याला मिमोसा म्हणतो आणि माझ्याकडं असा बघतो, की ह्या बाईला काय कळणार. म्हणू दे बापडा. आमचे हे त्याला ‘शिरस’ म्हणतात, कारण हिमाचलात त्यांच्या क्वार्टरबाहेर हे झाड होतं आणि तिथली माणसं तसंच म्हणायची. पेन्शनीत येताना लोक शाली आणतात, अक्रोड आणतात. आमच्या सुभेदारांनी ट्रंकेच्या कोपऱ्यात एका मोज्यात शेंगा भरून आणल्या. मोज्यात! मी नाक मुरडलं तर म्हणाले, “धुतलेला हाय.”

ह्यांचं गाव वडूजच्या पुढं, माळरानावर. तिथं पाहुण्याला पाणी देतानाही तांब्या किती भरायचा ते बघून भरतात. माझं माहेर वाळव्याकडं, उसात. आमच्याकडं पाटाला पाणी सुटलं की अंगणापर्यंत यायचं आणि कुणी हूं की चूं करत नसे. अशा दोघांनी सांगलीत घर बांधलं आणि दारात एक झाड लावायचं ठरवलं. भांडण होणार नाही तर काय होणार?

बिया ह्यांनी गरम पाण्यात भिजत घातल्या. रात्रभर भिजून ज्या फुगल्या तेवढ्याच घेतल्या. लेक तेव्हा शाळेत होता. त्यानं दुधाच्या पिशव्यांत माती भरली, बिया टोचल्या आणि रोज शाळेतून आला की दप्तरासकट आधी तिथं जाऊन उकिडवा बसायचा. एक रोप वीतभर झालं तसं जमिनीत लावायचं ठरलं. सांगलीची काळी माती, पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि ह्या झाडाच्या मुळांना ते सोसत नाही. म्हणून ह्यांनी मुरूम आणून उंच ओटा केला, कडेनं दगड लावले. मी म्हणलं, “आवं, कुणाची समाधी बांधताय?” तर लेकच माझ्यावर डाफरला. रोप त्यानं स्वतःच्या हातानं लावलं, मला हातही लावू दिला नाही.

पहिल्याच संध्याकाळी मी बाहेर आले तर रोपाची सगळी पानं मिटलेली. पोराला काय सांगू? धावत जाऊन बादली आणली आणि अख्खी ओतली. हे खुर्चीवरून बघत होते, हसून हसून त्यांना ठसका लागला. “मेलं न्हाई गं, झोपलंय ते. दिवस मावळला की पानं मिटतंय. सकाळी बघ.” सकाळी खरंच पानं उघडली होती. पण माझी खोड काही जात नव्हती. मी झाड दिसलं की पाणी घालायची आणि हे ओरडायचे, “लाड करू नकोस! मुळं आळशी व्हत्यात.” एकदा मी गुपचूप उसाचा युरिया टाकला चमचाभर. झाड ताडकन वाढलं आणि वाऱ्यात लवून जमिनीला टेकलं. सुभेदारांनी मग काठी बांधून त्याला सावधान उभं केलं आणि मला दोन दिवस टोमणे मारले.

तर असं ते झाड वाढलं. थंडीत पानं झडायची तेव्हा हे खालच्या फांद्या छाटायचे, म्हणजे माणूस खालून जाऊ शकेल. उन्हाळ्यात फुलं यायची, रेशमाच्या गोंड्यासारखी, अन् सगळं अंगण गुलाबी व्हायचं. छान दिसायचं, पण झाडून झाडून माझी कंबर मोडायची हेही सांगते. दोरीवरच्या कपड्यांना फुलं, रांगोळीवर फुलं, दुधाच्या पातेल्यात एकदा फूल. शेंगा पडल्या की जिथं तिथं रोपं उगवायची, ती उपटायचं काम वेगळंच. मी रोज त्या झाडाला शिव्या घालायची आणि रोज संध्याकाळी चहाचा कप घेऊन त्याच्याच खाली बसायची. पानं हळूहळू मिटायची, एकाला एक चिकटायची. ते बघताना मला फार बरं वाटायचं. लेक पलटणीत भरती झाला त्या वर्षी तर त्या झाडानंच मला धरून ठेवलं. बापाची सगळी नोकरी मी जीव मुठीत धरून काढली होती, आता पुन्हा तेच. भांडले, रडले, दोन वेळ जेवले नाही. काही उपयोग झाला नाही. पोरगं गेलंच.

मग लग्न झालं त्याचं. सून तासगावाकडची, द्राक्षबागेतली. बोलायला कमी, हाताला वेगवान. मला आत्या म्हणायची, ह्यांना मामा. आवाज इतका बारीक की तिनं हाक मारली तरी मला दोनदा ‘काय गं?’ करावं लागायचं. लग्नानंतर रजा संपली आणि लेक परत गेला. ही एसटी स्टँडवर रडली नाही. घरी आली, साड्यांच्या घड्या घातल्या, कणीक मळायला घेतली. मला तिचं कौतुकही वाटलं आणि भीतीही वाटली.

त्याच वर्षी तिची पहिली वटपौर्णिमा आली. मी तिला देवळाजवळच्या वडाला घेऊन गेले. तिथं ही गर्दी! भरजरी साड्या, नथी, फोटो, एकमेकींच्या ताटाला धक्के. वडाचा बुंधा सुतानं दिसेनासा झालेला. सुनेनं सात फेरे घातले, सूत गुंडाळलं, आंबा ठेवला, आम्ही घरी आलो. माझ्या लेखी वटपौर्णिमा तिथं संपली. तिच्या लेखी ती संपली नव्हती, हे मला दोन वर्षांनी कळलं.

दोन वर्षांनी, चैत्रात, झाडाचं काहीतरी बिघडलं. सगळीकडं पालवी फुटली होती. आमच्या शिरीषाला फुटली ती बारकी, पिवळट आणि आठवड्यात गळायला लागली. बुंध्यातून खाली कुठून तरी डिंक वाहत होता, मुंग्या लागल्या होत्या. हे बेचैन झाले. माझ्यावर संशय घेतला, “पानी ओतलंस न्हवं?” मी म्हणलं, “देवाशप्पथ न्हाई!” मग शेजारच्यांच्या सांडपाण्यावर संशय घेतला. नर्सरीवाल्याला आणलं, त्यानं वर बघितलं, मान हलवली, “मिमोसाचं आयुष्यच कमी असतं ओ काकू,” असं म्हणून गेला. हे संध्याकाळी झाडाखाली उभे राहायचे, हात पाठीमागं बांधून. मिटायला पानंच उरली नव्हती.

एका सकाळी ह्यांनी बुंध्याभोवतीची कर्दळ काढायला घेतली. कर्दळ माजली होती, ओट्याच्या आत बघायला जागाच नव्हती. मी पायरीवर लसूण सोलत होते आणि सून अंगण झाडत होती. हे मधेच थांबले. म्हणाले, “हिकडं ये. हे बघ काय हाय.”

बुंध्याला, जमिनीपासून हातभर वर, मागच्या बाजूनं, सुजल्यासारखा एक मोठा वळ होता. वळाच्या खालच्या खोबणीत हिरवी नायलॉनची दोरी. द्राक्षाच्या काड्या तारेला बांधतात तसली. वेढ्यावर वेढे, गच्च ओढलेले आणि वरून साल चढत आलेली. दोरी झाडात रुतली होती. झाडाचा गळा आवळला गेला होता, दुसरं काही नाही.

“कुठल्या गाढवानं...” म्हणत ह्यांनी कोयता उचलला.

“मामा, हात लावू नका!”

मी दचकले. एवढा मोठा आवाज ह्या पोरीच्या पोटात होता हे आम्हाला माहीतच नव्हतं. खराटा टाकून ती धावत आली आणि बुंधा आणि कोयता यांच्या मधी उभी राहिली. तोंड पांढरं पडलेलं. मी विचारलं, “अगं, झालं काय तुला?” तर म्हणाली, “ती दोरी माझी हाय, आत्या. वटपौर्णिमेची.”

मग तिनं सांगितलं, तुटक तुटक. वडाला सूत बांधून आल्यावर दुसऱ्या दिवशी ती भाजी आणायला त्या वाटेनं गेली होती. झाडलोट करणारी बाई वडाचं सगळं सूत ओढून काढून गाडीत टाकत होती. “शंभर जणींचं सूत, आत्या. त्यात माझं कुठलं? सगळं कचऱ्यात गेलं. ते तिकडं बर्फात, आन माझं सूत एक दिवस टिकलं न्हाई.” म्हणून मग तिनं माहेरची दोरी घेतली, बागेतली, जी उन्हानं कुजत नाही, पावसानं तुटत नाही. आणि नवऱ्यानं स्वतःच्या हातानं लावलेल्या झाडाला, आम्ही दोघं दुपारी झोपलेलो असताना, सात फेरे घालून बांधली. बागायतदाराची पोर, गाठ मारली ती बागेत मारतात तशी, दात लावला तरी सुटायची नाही. पुढची वटपौर्णिमा आली तशी खोबणीला हळदकुंकू लावलं. दोरी साल खात होती ते तिला दिसलं नाही. तिला फक्त एवढंच दिसलं की दोरी अजून आहे.

माझ्या तोंडाचा पट्टा कसा चालतो ते सगळ्या कॉलनीला माहीत आहे. तो पट्टा त्या वेळी बंद पडला. मी बोलायला तोंड उघडलं होतं, ‘असल्या दोऱ्यांनी काय होतं, वेडे’ असं काहीतरी म्हणणार होते. ते आलंच नाही. कारण लेक तेव्हा खरंच वर होता, बर्फातल्या पोस्टवर. फोन लागत नव्हता. तो करेल तेव्हाच बोलायचं. आणि मला कळलं, की ‘कापा ती दोरी’ हे मलाही म्हणता येत नाही. आई आहे मी. मनात आलं की आज ही कापली आणि उद्या काही झालं तर? आणि लगेच दुसरं मनात आलं, त्यानं लावलेलं झाड असं वाळून गेलं तर ते तरी चांगलं लक्षण आहे का?

ह्यांनी कोयता ठेवला. दगडावर बसले. “असू दे,” म्हणाले. लढाईच्या गप्पा सांगणारा माणूस, सुनेच्या तोंडाकडं बघून एवढंच म्हणाला. नंतर आत येऊन मला हळूच बोलले, “आठ-पंधरा दिस असंच राह्यलं तर झाड जाईल गं.” ह्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. माझं डोकं सणकलं. म्हणलं, “जाईल तर मग मी काय करू? माझ्यावर कशाला आणताय?” आणि मोरीत जाऊन रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मीच सुनेला म्हणलं, “कापायची न्हाई ना? मग सोडवून काढू.” तिचा चेहरा जरा उजळला. ती दाभण घेऊन बसली. मी फडकं ओलं करून सालीवर ठेवायचे, साल मऊ झाली की ती दाभणानं दोरी उचलायची, कणाकणानं. काय बोटं त्या पोरीची! गाठ सुटली. बाहेरचे वेढे निघाले. “उलटे फेरे व्हतात की, आत्या,” ती मधेच थांबून म्हणाली. मी म्हणलं, “देवाला उलटं-सुलटं कळतं, तू काढ.” पण आतले वेढे सालीनं गिळलेले. दाभण घातलं की डिंक यायचा आणि झाडाचा लगदा निघायचा. ती आणखी खोल गेली असती तर बुंधाच पोखरला असता. ती थांबली. दाभण मांडीवर ठेवलं.

तेव्हा मी तिला ती गोष्ट सांगितली. ठरवून नाही सांगितली, तोंडातून निघाली. “तुझा नवरा जन्मला तवा निळा पडला हुता.” तिनं वर बघितलं. माहेरच्या दवाखान्यात बाळंत झाले होते मी. हे सरहद्दीवर. डोकं बाहेर आलं आणि नर्स एकदम ओरडली, नाळेचा वेढा हाय गळ्याला, दोन वेढे. हातात येईना, वरून काढता येईना, इतकी गच्च. मी म्हणत होते, ओढू नका, तोडू नका, त्याला लागेल. तिनं माझं ऐकलं नाही. तिथंच चिमटे लावून कातरली. मग तो बाहेर आला, मग काही वेळानं रडला. “ज्या नाळेनं त्याला पोसलं तीच त्याच्या गळ्याला बसली हुती, पोरी. नाळेचा काय दोष हुता? पण कापली म्हणून तुला नवरा मिळाला.”

हे मागं पायरीवर बसले होते ते माझ्या ध्यानात नव्हतं. म्हणाले, “हे मला कवा सांगितलं न्हाईस.”

“तुमी कवा इचारलंत?” मी म्हणलं. “तार केली, मुलगा झाला. तुमी पलटणीत पेढे वाटले. झालं की.”

सून उठली, आत गेली, छाटणीची कात्री घेऊन आली. लग्नात माहेरहून आणलेल्या सामानात ती कात्री होती, मी हसले होते तेव्हा. मी म्हणलं, “मी कापू का? आई हाय त्याची, माझ्यावर येऊ दे काय यायचं ते.” तिनं मान हलवली. “बांधली मी हाय, आत्या.” कात्रीचं टोक खोबणीत घातलं, डोळे मिटले नाहीत, ओठ हलत होते. कट्ट झालं. मग पुन्हा, पुन्हा, जिथं जिथं दोरी दिसत होती तिथं. तुकडे तिनं ओढणीत गोळा केले. मोरचूद आणि चुना कालवून तिनंच जखमेवर लावला, द्राक्षाच्या खोडाला लावतात तसा. झाडाच्या बुंध्याला निळा पट्टा झाला.

झाडाचं म्हणाल तर एक मोठी फांदी गेली, ती ह्यांनी करवतीनं उतरवली. बाकीचं झाड तगलं. पावसाळ्याच्या तोंडाला नवी पानं आली, पूर्ण हिरवी आली. आता उन्हाळ्यात एका बाजूनं फुलतं, दुसऱ्या बाजूला आकाश दिसतं. मी झाडतेच आहे. पण हे सगळं नंतरचं.

तेव्हा मात्र दोरी कापली आणि घर गप्प झालं. बातम्या कुणी लावेना. ह्यांनी फोन चार्जिंगवरून काढलाच नाही. मी सुनेला दहादा म्हणायची, “काही होत नसतं गं,” आणि देवघरात जाऊन समईची वात विनाकारण पुढं सारायची. भाजीवाल्याशी भांडले, दूधवाल्याशी भांडले. सून कामं दुप्पट करायला लागली. ताटात घेतलेली भाकरी अर्धी तशीच राहायची. त्याचा फोन एरवीही उशिरा यायचा, कधी कधी तर फारच उशिरा. पण त्या वेळचा उशीर वेगळा होता. तिघांनाही तेच वाटत होतं.

एका दुपारी आम्ही गच्चीवर कुरडया घालत होतो. सुनेच्या हातात सोऱ्या. खालून हे ओरडले, “फोन! आगं फोन!” आणि गुडघे दुखतात म्हणणारा माणूस दोन-दोन पायऱ्या चढत वर आला. सुनेचे हात चिकानं भरलेले, तिनं तसाच फोन धरला. स्पीकर मीच लावला, लाज कसली.

“हॅलो? ऐकू येतंय का?” लेकाचा आवाज. खरखर, वारा, आणि त्याचा आवाज. “आगं बोल की, लाइन जाईल,” तो म्हणाला.

“तुमची दोरी कापली मी,” ती म्हणाली.

“कुठली दोरी?”

ती माझ्याकडं बघायला लागली. मी मान हलवली, नको.

“काय न्हाई,” ती म्हणाली. “जेवलात का?”

“जेवलो की. डाळ लय कच्ची हुती, सालं पोट दुखतंय.”

डाळ कच्ची होती एवढं ऐकलं आणि ती पोर तिथंच, कुरडयांच्या कागदावर बसून, मोठ्यानं रडायला लागली. एसटी स्टँडवर न रडलेली ती. मी तिला जवळ घेतलं, माझंही भान गेलं होतं. फोनमधून तो विचारत राहिला, “काय झालं? आई, काय झालं तिला?” आणि ह्यांनी फोन उचलून त्याला एवढंच सांगितलं, “काय न्हाई झालं रं. तू ओवा खा.”